उपग्रहाला समुद्रावरचा वारा कसा कळतो?

तुमचा प्रश्न असा, की वारा तर दिसत नाही, मग सातशे-सव्वासातशे किलोमीटरवरून उपग्रह त्याचा वेग आणि दिशा कशी सांगतो?

भाऊ, तो वारा पाहतच नाही. पाण्यावरच्या सुरकुत्या पाहतो.

आपल्या नागपुरात समुद्र नाही, पण घरोघरी कूलर आहे. रात्री दिवे घालवून लोखंडी घमेल्यात पाणी घ्या आणि टॉर्च थोडा तिरका धरा. पाणी निवांत असलं, की उजेड पलीकडे भिंतीवर जातो, तुमच्या बाजूने पाणी काळंच दिसतं. आता कूलर लावा. भिंतीवरचा कवडसा फुटतो आणि पाण्यातून अधूनमधून चमक तुमच्याकडे येऊ लागते. वारा वाढवला, की चमकही वाढते.

हा दाखला अर्धाच खरा. उपग्रह प्रकाश नाही, मायक्रोवेव्ह (रडारसारख्या रेडिओलहरी) सोडतो, म्हणून त्याला रात्र आणि ढग आडवे येत नाहीत. इस्रोच्या ओशनसॅट-२ वरचा स्कॅटरोमीटर (२००९), म्हणजे मायक्रोवेव्ह सोडून पाण्यावरून किती परतल्या ते मोजणारं उपकरण, साधारण १३.५ गिगाहर्ट्झवर चालायचा, म्हणजे तरंगलांबी जेमतेम २.२ सेंटिमीटर. सरळ खाली पाहण्यापेक्षा ५० अंशांच्या आसपास तिरकं पाहिलं, तर पाण्यावरच्या ज्या लहरींच्या माथ्यांमध्ये सुमारे दीड सेंटिमीटर अंतर आहे, नेमक्या त्यांच्याकडून परतणाऱ्या मायक्रोवेव्ह एकमेकींत मिळून जोरकस होतात. बोटाच्या रुंदीएवढ्या सुरकुत्या, आणि त्या वाचायच्या अंतराळातून! मला तर यातली खरी गंमत इथेच वाटते.

या बारक्या लहरीच का? मोठी लाट कालपरवाच्या, कुठल्यातरी लांबच्या वाऱ्याची असू शकते. बारकी लहर वारा थांबला की बघता बघता विरते. म्हणून ती असली, तर वारा आत्ता आणि इथेच आहे.

दिशेचं काम किचकट. वाऱ्याच्या रेषेत पाहिलं तर प्रतिध्वनी जोरात येतो, आडवं पाहिलं तर कमी. म्हणून अँटेना गरगर फिरवून एकच जागा वेगवेगळ्या बाजूंनी पाहतात. तरी बरेचदा दोन उत्तरं उरतात, एकमेकांच्या उलट दिशेची. मग हवामानाच्या मॉडेलशी ताडून त्यातलं एक निवडतात.

स्कॅटसॅट-१ (२०१६) आणि ओशनसॅट-३ (२०२२) याच तत्त्वावर चालणारे. पावसात मात्र यांची पंचाईत होते. थेंब स्वतःच मायक्रोवेव्ह परतवतात आणि पाण्यावर आपल्या सुरकुत्या पाडतात, त्यामुळे जिथे मुसळधार कोसळतंय तिथलं माप जपूनच घ्यावं लागतं.