.२२३, ६.५ क्रीडमूर की .३०८: १०० मीटरवर स्टीलच्या प्लेटला कोणती गोळी जास्त जोरात लागते? १० मिमीची प्लेट टिकेल का?

ही तिन्ही रायफलच्या काडतुसांची नावं, आणि प्लेट म्हणजे नेमबाजीत निशाणा म्हणून टांगतात ती. जोरात म्हणजे काय ते आधी ठरवा. प्लेट झुलवणं वेगळं आणि प्लेटला खड्डा पाडणं वेगळं, आणि या दोन गोष्टींची गल्लत केल्यामुळे आमच्या क्लबात एक माणूस माझ्याशी बरेच दिवस धड बोलत नव्हता, म्हणून हे उत्तर लिहायला बसलोय.

झुलवण्याचा हिशोब सोपा आहे, वजन गुणिले वेग. .२२३ ची ५५ ग्रेनची गोळी म्हणजे साधारण ३.६ ग्रॅम, लांब नळीतून निघताना वेग ९९० मीटर पर सेकंदच्या आसपास. .३०८ ची १४७ ग्रेनची गोळी ९.५ ग्रॅम, वेग ८४० च्या आसपास. गुणाकार करून बघा, .३०८ चा आकडा दुपटीच्या वर जातो. साखळीला टांगलेली प्लेट .३०८ ने दणकन मागे जाते, .२२३ ने नुसती थरथरते. तुम्हाला एवढंच हवं असेल तर इथेच थांबलात तरी चालेल.

आता आमच्याकडचं. सगळ्यांनी वर्गणी काढून एक चांगली कडक प्लेट आणली होती, ५०० ब्रिनेलवाली (ब्रिनेल म्हणजे कडकपणाचं माप). थोड्याच दिवसांत तिच्यावर बारीक खड्डे दिसायला लागले, कडा वर उचललेले, बोट फिरवलं तर टोचतील असे. क्लबातले एक सीनियर आहेत, वयाने मोठे म्हणून सगळे काका म्हणतात, त्यांनी बघितल्या बघितल्या निकाल दिला की हे .३०८ चं काम. आणि तेव्हा .३०८ वापरणारा मी एकटाच, म्हणजे नाव न घेता नाव घेतलंच की. कारण काय, तर "तुझी गोळी लागली की प्लेट केवढी हलते बघ". स्वतः काका काय मारत होते, तर .२२-२५०, हेही रायफलचंच एक काडतूस. गोळी तीच ५५ ग्रेनची, पण नळीतून ११२० च्या आसपास वेगाने निघणारी. पण इवलीशी ना, मग तिच्यावर संशय कोण घेणार!

मी म्हटलं वाद नको, प्लेटला पांढरा रंग मारा आणि सगळ्यांसमोर बघू. १०० मीटरवरून आधी माझी .३०८, साधी शिशाची, वर तांब्याचं जॅकेट. जवळ जाऊन बघितलं तर रंग गोल उडालेला, मध्ये करडा चट्टा आणि त्यातून बाहेर फाकलेल्या रेषा. बोट फिरवलं, गुळगुळीत. मग काकांची रायफल, तेच अंतर, तीच प्लेट. प्लेट जेमतेम हलली, आणि रंगाच्या मधोमध ताजा चकचकीत खड्डा. सगळे बघतायत. काका म्हणाले तिथलं स्टीलच नरम असेल. बरं, दुसऱ्या टोकाला मारा म्हटलं. तिथेही खड्डा. तर म्हणे "तुझ्या .३०८ ने प्लेट आधीच कमजोर केली होती". आता याला काय बोलणार.

ज्यांना खरंच कारण हवंय त्यांच्यासाठी सांगतो. एवढ्या वेगाला शिसं प्लेटवर आपटलं की ते घन पदार्थासारखं वागतच नाही, पाण्याच्या फवाऱ्यासारखं आपटून बाजूला फाकतं. त्याच्या तोंडाशी जो दाब तयार होतो तो ढोबळमानाने शिशाची घनता गुणिले वेगाचा वर्ग भागिले दोन. घनता ११,३४० किलो प्रति घनमीटर धरा. १०० मीटरवर .३०८ चा वेग ७८० च्या आसपास उरतो, दाब येतो साडेतीन गिगापास्कलच्या जवळ. .२२-२५० तिथेही साडेनऊशेच्या वर असते, म्हणजे पाचच्या वर. आणि ५०० ब्रिनेल म्हणजे साधारण ४.९ गिगापास्कल, दाब त्याच्या वर गेला की स्टील दबतं. झालं की! एक गोळी रेषेच्या खाली, एक वर. या हिशोबात गोळीची जाडी कुठेही येत नाही. वेगाचा मात्र वर्ग येतो.

म्हणूनच प्लेट बनवणारे सांगतात की आदळतानाचा वेग ९०० च्या वर जाऊ देऊ नका. .२२३ ची ५५ ग्रेन १०० मीटरवर पोचेपर्यंत जेमतेम त्याच्या खाली येते, पण ५० मीटरवरून मारलीत तर ठिपके पडायला लागतील. नळी आखूड असेल तर वेग मुळातच कमी, म्हणून त्याच काडतुसाने एकाची प्लेट खराब होते आणि दुसऱ्याची नाही, आणि मग लोक कंपन्यांना शिव्या घालत बसतात.

१० मिमीचं म्हणाल तर खऱ्या ५०० ब्रिनेलची असेल तर १०० मीटरवर तिन्हींना पुरते. जाडी वाढवून प्लेट वाकायची थांबते, खड्डे थांबत नाहीत, ते कडकपणावर आहे. आणि गॅसकटरने कापलेली घेऊ नका, कडेचं स्टील तापून नरम पडतं, वेल्डिंगचंही तेच. भंगारातली साधी लोखंडी प्लेट तर अजिबात नको. तिचा कडकपणा साधारण पाव भागच भरतो, वाटीसारखे खोल खड्डे पडतात आणि तुकडे सरळ तुमच्याकडे परत येतात. सपाट प्लेटवर तुकडे प्लेटला जवळजवळ समांतर चारी बाजूंना उडतात, खड्ड्यात ती दिशा बिघडते. त्यामुळे खड्डे पडलेली प्लेट "अजून चालतेय की" म्हणून वापरणारे लोक मला बिनडोक वाटतात, मग ते वयाने कितीही मोठे असोत.

आमच्या क्लबाने यावर काय केलं? स्टीलवर "मोठ्या कॅलिबरला" बंदीची पाटी लावली. .३०८ बंद, .२२-२५० चालू! नियम करायचाच असेल तर वेगावर करा, आणि जो ९०० च्या वरची गोळी आणेल त्याने पुढची प्लेट स्वतःच्या खिशातून आणावी.

हां, वरचा हिशोब शिशाच्या गोळीचा आहे, तोही ढोबळ. आत स्टीलचं टोक किंवा गाभा असलेली गोळी असेल (५.५६ काडतुसाची ६२ ग्रेनची एम८५५ तशी) तर तो विसरा, ती कमी वेगालाही प्लेट खराब करते. लोहचुंबक लावून बघतात लोक, पण ७.६२×३९ काडतुसाच्या बऱ्याच गोळ्यांचं जॅकेटच लोखंडी असतं, वर तांब्याचा मुलामा, त्यामुळे आत शिसं असूनही चुंबक चिकटतो. चुंबक चिकटला की रेंजवाले सरसकट परत पाठवतात, त्यात त्यांची चूक नाही. चष्मा सगळ्यांनी घालायचा, बघणाऱ्यांनीही. प्लेट वरून थोडी पुढे झुकवून टांगा म्हणजे बरेचसे तुकडे खाली जमिनीत जातात.

६.५ चं राहिलंच. १४० ग्रेन, निघताना ८२० च्या आसपास, झुलवण्यात .३०८ पेक्षा उगीच किंचित कमी, खड्ड्याची भीती नाही. तिघांतली एक घ्यायची असेल तर हीच घ्या. .३०८ घेतलीत तर कोणीतरी काका भेटणारच.