ठेव मोडू की दोन वर्षं थांबू?

प्रश्न: वय ४१. इतकी वर्षं दमा समजून औषधं घेतली. आता हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मापासून छिद्र असल्याचं कळलं. प्रकार 'सायनस व्हेनोसस'. ऑपरेशन लांबवू नका, म्हणतात. दोन वर्षांनी मुदत ठेव पूर्ण होईल, आरोग्य विम्याचा प्रतीक्षा कालावधीही संपेल. थांबू का?

उत्तर: थांबू नका. तुमचा हिशेब चोख आहे, पण एकाच बाजूचा. ठेव मोडल्यावर किती व्याज बुडेल ते बँक आजच सांगेल, आणि तो तोटा तिथेच संपतो. इकडे छिद्रातून जास्तीचं रक्त उजव्या बाजूला आणि फुप्फुसांत जात राहतं. काहींच्या फुप्फुसांतला दाब वाढत जातो, आणि तो फार वाढला की छिद्र बंद करणंच धोक्याचं ठरतं. तुमचं तसंच होईल असं नाही. पण तसं झालं तर पैसे हातात असतील आणि ऑपरेशनची वेळ गेलेली असेल.

म्हणून डॉक्टरांना विचारा: हृदयाची उजवी बाजू किती फुगली आहे, फुप्फुसांतला दाब किती, आणि तारीख किती पुढे गेली तर चालेल? त्यांनी दोन-तीन महिने दिले, तर पैशांची जुळवाजुळव तेवढ्यात बसवू.

काटकसर तपासण्यांत नको. हे छिद्र वर, महाशिरेच्या तोंडाशी असतं. छातीवरून केलेल्या साध्या इकोत ते निसटू शकतं. शिवाय बहुतेकदा उजव्या फुप्फुसाची एखादी शीर भलत्याच जागी उघडलेली असते. सीटी किंवा एमआरआय, आणि प्रौढांमधले जन्मजात हृदयदोष पाहणाऱ्या तज्ज्ञाचं दुसरं मत, यांवरचा खर्च वाया जात नाही. 'छत्री (छाती न उघडता, शिरेतून नळी घालून छिद्रावर बसवायचं झाकण) बसवली की झालं, स्वस्तात पडतं' हा सल्ला नातेवाइकांकडून येईलच. पण इथे नेहमीच्या छत्रीला टेकायला कड नसते. सहसा शस्त्रक्रियाच लागते.

विम्याचं म्हणाल तर जन्मजात दोषांसाठी पुष्कळदा वेगळं कलम असतं. दोन वर्षं थांबूनही दावा नाकारला जाऊ शकतो. कंपनीकडून लेखी उत्तर घ्या. निदान लपवून नवी पॉलिसी काढायचा विचार मनात असेल, तर तो सोडा.

बिल भरलं की खर्च संपला असं नाही. छातीचं हाड जुळायला ६ ते ८ आठवडे लागतात, कामावर परतायला अनेकदा २-३ महिने. पगारी रजा किती उरली आहे ते आधी पाहा. बिलासाठी ठेव मोडा, पण घरखर्चाचा राखीव पैसा तसाच ठेवा. ठेवीवर कर्ज काढण्यापेक्षा मी हे पसंत करीन, कारण पगार बंद असताना कर्जाच्या व्याजाचं ओझं नको.