गार सहा पाकळ्यांची का नसते?

प्रश्न : गेल्या फाल्गुनात आमच्या गावी गारपीट झाली. वावरातला हरभरा झोडपला गेला, संत्र्याचा आंबिया बहारही गळाला. अंगणातली गार उचलून मुलीने विचारले, की पुस्तकातल्या बर्फाच्या कणाला सहा पाकळ्या असतात, मग ही बोरासारखी गोल का? (एक शेतकरी, वरूड तालुका, जि. अमरावती)

उत्तर : बहार हातचा गेल्याचे वाचून वाईट वाटले. मुलीचे निरीक्षण मात्र अचूक आहे. गार आणि हिमकण ही दोन्ही बर्फच असली, तरी त्यांची घडण वेगळी आहे.

गार थेंबांतून वाढते. गडगडाटी ढगात वर चढणारा वारा बर्फाच्या लहान गोळ्याला तोलून धरतो आणि शून्य अंशाखालीही न गोठलेले थेंब त्यावर आदळून गोठत जातात. मोठी गार मधोमध कापल्यास कांद्यासारखे थर दिसतात. थेंब झटकन गोठून हवा अडकली तिथे दुधी, पाणी पसरून सावकाश गोठले तिथे पारदर्शक.

हिमकणाचा आरंभ बहुधा धुळीच्या कणाभोवती गोठलेल्या सूक्ष्म थेंबातून होतो, पण पुढची वाढ वाफेची असते. ही वाफ पाणी न होता थेट बर्फावर जमते. बर्फात पाण्याचे रेणू षटकोनी जाळीत बसतात, म्हणून स्फटिकही आधी षटकोनी चकतीसारखा असतो. त्याचे सहा कोपरे बाहेरच्या वाफेत पुढे आलेले असल्याने त्यांना वाफ अधिक मिळते, ते अधिक वाढतात आणि त्यांच्याच फांद्या होतात. या फांद्या एकमेकींचे पाहून वाढत नाहीत. इवलासा स्फटिक ज्या हवेतून जातो ती साऱ्यांना सारखीच मिळते, इतकेच. जपानचे उकिचिरो नाकाया यांनी 1936 मध्ये सशाच्या केसावर कृत्रिम हिमस्फटिक वाढवला आणि आकार तापमान व आर्द्रतेवर ठरतो हे दाखवले: उणे 5 अंशांच्या आसपास सुया, उणे 15 च्या सुमारास पुरेशी वाफ असल्यास पाकळ्यांच्या चांदण्या.

मुलीला आणखी एक गोष्ट अवश्य सांगावी. पावसाळ्यात आपल्याकडे सुमारे पाच किलोमीटर उंचीच्या वर हवा शून्याखाली असते, त्यामुळे श्रावणातल्या संततधारेचे कित्येक थेंब आपल्या वावरावर येण्याआधी असेच हिमकण असतात आणि वाटेत वितळतात.