समुद्रतळाची खाण: गाडं अडलंय कुठे?

प्रश्न: हिंदी महासागराच्या तळाशी भारताला खाणीची जागा मिळाली म्हणतात. मग धातू का निघत नाही? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर: समुद्रतळाचा कारभार पाहणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्राधिकरणाशी भारताचा करार आहे तो फक्त शोधाचा. १९८७ साली दीड लाख चौरस किलोमीटर मिळाले. निम्मे सोडून २००२च्या करारात ७५,००० उरले. तिथे पाच हजार मीटरांखाली बटाट्याएवढे गोटे पसरलेत: मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट. पेटीसारखं यंत्र तळात रुतवून चौरस मीटरला किती किलो गोटे, ते आधी मोजतात.

खरी गोची तळाच्या गाळात. पावसानंतर आपल्या काळ्या रानात ट्रॅक्टर रुततो, तसंच. २०२१मध्ये भारताचं ‘वराह’ हे खाणयंत्र ५,२७० मीटर खोल तळावर चाललं, पण चालणं वेगळं आणि गोटे नळीतून जहाजावर चढवत राहणं वेगळं! शिवाय उपशाला त्याच प्राधिकरणाशी स्वतंत्र करार लागतो.