करडं पात्र, प्रतिनायक आणि ‘मरू दिलं’

प्रश्न असा आहे : मालिकेतल्या ज्या पात्राला धड चांगलंही म्हणता येत नाही आणि धड वाईटही, त्या ‘ग्रे कॅरेक्टर’ला मराठीत काय म्हणावं? ‘ब्रेकिंग बॅड’ या अमेरिकन मालिकेतल्या वॉल्टर व्हाइटबद्दल, म्हणजे अमली पदार्थ बनवायला लागलेल्या रसायनशास्त्राच्या शिक्षकाबद्दल लिहिताना विचारणाऱ्यानं आधी ‘प्रतिनायक’ लिहिलं, तर मित्र म्हणाला, चूक. मग ‘करडं पात्र’ लिहिलं, तर मित्र म्हणाला, वॉल्टर करडा कुठे आहे?

मित्राचे दोन्ही आक्षेप मला पटतात, दुसरा जास्त.

करडी मांजर, करडे केस इथपर्यंत करडा हा नुसता रंग आहे. माणसाच्या स्वभावाला लावला की त्याचा अर्थ पालटतो. करडी नजर, करडी शिस्त, करडा आवाज. ‘आमचे मुख्याध्यापक फार करडे होते’ हे ऐकून कुणालाही त्यांच्या नीतिमत्तेची शंका येत नाही, छडी आठवते. ज्याच्या डोक्यात इंग्रजी ‘ग्रे’ आधीपासून नाही, तो ‘करडी व्यक्तिरेखा’ वाचून कडक माणूसच डोळ्यांपुढे आणणार. राखाडीला हा त्रास नाही, पण राखेच्या रंगापलीकडे तो काही सांगतही नाही.

मुळात आपल्याकडे ते रंगांचं गणितच जुळत नाही. काळा वाईट हे खरं : काळी कृत्यं, काळा बाजार, तोंड काळं करणं. पण पांढरा म्हणजे चांगला असं मराठी कुठे म्हणते? पांढऱ्या पायाची ही तर शिवी आहे, आणि क्रूर शिवी आहे. पांढरपेशा हा पेशा झाला, पुण्य नव्हे. ‘धुतल्या तांदळासारखा’ म्हणतो तेव्हा कौतुक धुण्याचं असतं. एका टोकाला पांढरा उभाच नसेल, तर दोन्ही रंग कालवून मधला माणूस कसा तयार होणार?

आता प्रतिनायक. दहाव्या शतकात धनंजयानं ‘दशरूपक’ हा नाट्यशास्त्रावरचा संस्कृत ग्रंथ लिहिला, त्यात प्रतिनायकाची व्याख्या आहे : लोभी, उद्धट, हट्टी, पापी, व्यसनी असा नायकाचा शत्रू. त्यावरच्या टीकेत उदाहरणं दिली आहेत ती रामापुढे रावण आणि युधिष्ठिरापुढे दुर्योधन. म्हणजे तो समोरचा. वॉल्टर तर कथेच्या मधोमध आहे, त्याच्यापुढे दुसरे उभे राहतात. त्या अर्थानं तो प्रतिनायक नव्हे.

तरीही हा शब्द ‘अँटिहीरो’साठी, म्हणजे नायकाचे गुण नसलेल्या नायकासाठी वापरणाऱ्यांना मी अडाणी म्हणणार नाही, कारण मराठीतला ‘प्रति’ फार लवचिक आहे. प्रतिपक्षात तो विरोध दाखवतो. नेताजी पालकरांना प्रतिशिवाजी म्हणत, तिथे तो बरोबरी दाखवतो, प्रतिपंढरपुरातही तसंच. साताऱ्याच्या प्रतिसरकारात विरोध आणि बरोबरी दोन्ही आहेत. तेव्हा प्रतिनायक ऐकून एकाला नायकाचा शत्रू दिसेल, दुसऱ्याला नायकाच्या जागी बसलेला भलताच कुणी. वादात असा शब्द वापरला की निम्मा वेळ शब्दावरच जातो.

नायक या शब्दाला चांगुलपणाची अट नाही, हे मात्र ध्यानात ठेवावं. ‘नी’ म्हणजे नेणे, नायक म्हणजे नेणारा. धनंजयानं नायकाचे जे चार प्रकार सांगितले, त्यातला धीरोद्धत हा गर्विष्ठ, मत्सरी आणि कपटी असतो. वॉल्टरला सरळ नायक म्हणा. कथा तोच नेतो.

पण मला स्वतःला हा प्रश्न नामाचा वाटतच नाही, क्रियापदाचा वाटतो. मालिका २०१३ साली संपली आहे, तेव्हा कथानक सांगायला हरकत नसावी. दुसऱ्या सीझनमधला, २००९ सालचा प्रसंग घ्या. वॉल्टरचा धंद्यातला जोडीदार जेसी आणि त्याची मैत्रीण जेन हेरॉइनच्या गुंगीत झोपलेले. वॉल्टर जेसीला गदागदा हलवून उठवू पाहतो, त्या हिसक्यानं जेन उताणी होते. तिला उलटी होते, ती गुदमरते. वॉल्टर तिच्याकडे धावतो, हात पुढे करतो, आणि थांबतो. उभाच राहतो. डोळे भरून येतात, तरी हलत नाही.

यावर प्रेक्षक अजून भांडतात. ते भांडण मराठीत करून बघा. ‘जेन मेली.’ ‘जेन त्याच्या हातून मेली.’ ‘त्यानं जेनला मरू दिलं.’ ‘त्यानं जेनला मारलं.’ चार वाक्यं, चार निकाल. ‘हातून’ म्हटलं की कृती हातापुरती उरते, मन सुटतं. ‘माझ्या हातून कप फुटला’ म्हणतो तसं. जेन उताणी झाली ती खरोखरच त्याच्या हातून. त्यानंतरच्या क्षणांना मात्र तो शब्द लावता येत नाही, तिथे ‘मरू दिलं’ हवं. हे ‘देणं’ नीट पाहा. झोपू दे, खेळू दे, जाऊ दे. जे अडवणं आपल्या हातात असतं, तेच आपण होऊ देतो. ‘त्यानं पाऊस पडू दिला’ हे देवाबद्दल म्हणता येईल, माणसाबद्दल नाही. म्हणून ‘मरू दिलं’ या दोन शब्दांतच आरोप आहे, की तुला वाचवता येत होतं. वॉल्टरची कड घेणारे म्हणूनच ‘त्यानं काहीच केलं नाही’ असं म्हणतात. घटना तीच, फक्त ‘देणं’ गाळलेलं.

२०१० साली तो जेसीकडून गेल या दुसऱ्या रसायनतज्ज्ञाचा खून करवून घेतो. २०११ साली एका लहान मुलाला स्वतः विष घालतो. हातून झालं, होऊ दिलं, करवून घेतलं, केलं : चारही पायऱ्या एकाच माणसाच्या. बरं, ही उतरंडही नव्हे. पहिल्याच सीझनमध्ये त्यानं एकाला सायकलच्या कुलपानं गळा आवळून मारलेलं असतं, अगदी निखळ ‘मारलं’. तरी त्यावर एवढा वाद होत नाही, कारण समोरच्यानं फुटक्या ताटलीचा तुकडा लपवून ठेवलेला आपण पाहिलेला असतो.

कथा सांगण्याची करामत इथेच आहे. आपण वॉल्टरच्या खांद्यामागून सगळं बघतो, त्याची कारणं आपल्याला ठाऊक असतात. त्यामुळे ‘बाजू समजून घेणं’ कधी ‘बाजू घेणं’ होतं, कळतही नाही. त्याच्या बायकोच्या, स्कायलरच्या वाट्याला हे आलं नाही. तिच्याबद्दल बोलताना लोक क्रियापदं सोडून थेट विशेषणांवर उतरले, इतके की ती भूमिका करणाऱ्या ॲना गननं २०१३ साली त्या द्वेषावर ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहिला. स्कायलरनं नेमकं काय केलं, काय होऊ दिलं, हे त्याच चार पायऱ्यांवर कुणी मांडलं असतं तर तो वाद वेगळा झाला असता असं मला मनापासून वाटतं.

ज्ञानेश्वरांनी पसायदानात ‘खळांची व्यंकटी सांडो’ म्हटलं आहे. खळ म्हणजे दुष्ट, व्यंकटी म्हणजे वाकडेपणा. माणूस एका शब्दात, त्याचा वाकडेपणा दुसऱ्या शब्दात. ‘ग्रे कॅरेक्टर’मध्ये ही फोड राहत नाही, सगळा माणूस एका रंगात बुडवला जातो.

तर तुमच्या वाक्याचं काय करायचं? ‘वॉल्टर हे ग्रे कॅरेक्टर आहे’ याऐवजी मी लिहीन : ‘वॉल्टर नायक आहे, पण त्यानं जेनला मरू दिलं.’ प्रकाराचं नावच हवं असेल तर ‘अँटिहीरो’ देवनागरीत तसाच ठेवा, वाचणाऱ्याला कळतो. प्रतिनायक हा शब्द वॉल्टरच्या शत्रूसाठी, अमली पदार्थांचा धंदा चालवणाऱ्या गस फ्रिंगसाठी राखून ठेवा, तिथे तो चपखल बसतो.