सीओईपी मिळेल का? आधी मेरिट क्रमांक बघ

सीईटीत ९८ पर्सेंटाइल म्हणजे पुण्याचं सीओईपी हे इंजिनिअरिंग कॉलेज नक्की, असं कोल्हापुरात राजारामपुरीत कुणी छातीठोक सांगितलं तरी लगेच हुरळून जाऊ नकोस बाळा. जागा मेरिट क्रमांकावर मिळते. पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) गटात ३ लाख मुलं बसली असं धर, तर ९८ म्हणजे तुझ्यापुढे साधारण ६ हजार जण!

सीईटी सेलच्या साइटवरून मागच्या तीन वर्षांचे कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेऱ्यांचे, कटऑफ उतरव. एका वर्षावर भरवसा नको. आपली शाखा नि आपला प्रवर्ग शोधलास की प्रवर्गाच्या कोडचं शेवटचं अक्षर बघ: एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरची, एस म्हणजे राज्यस्तर. तू शिवाजी विद्यापीठाच्या हद्दीतला. पुणे विद्यापीठाच्या कॉलेजात तुझ्यासाठी ओचा आकडा खरा (सीओईपी आता स्वतंत्र विद्यापीठ, तिथं एस बघ), पण घाईत मुलं हमखास एच वाचतात आणि आशा लावून बसतात.

पर्याय भरताना वर स्वप्नातली कॉलेजं बिनधास्त टाक, त्यानं खालच्या पर्यायांची संधी कमी होत नाही. मात्र पहिला पर्याय पहिल्याच फेरीत लागला तर तो आपोआप पक्का होतो, म्हणून तिथं मनापासून हवं तेच. मग क्रमांकाच्या आसपासची, आणि शेवटी सांगलीचं वालचंद, आपलं कोल्हापूरचं केआयटी यांतल्या तीन वर्षं तुझ्या आवाक्यात राहिलेल्या शाखा.

प्रवर्गातून अर्ज असेल तर जात वैधता, नॉन-क्रीमीलेअर आत्ताच बघ. कागद नसेल तर खुल्या प्रवर्गाचा कटऑफ धरावा लागेल.