वृद्धाश्रमात जाताना फोन करू नका, आणि दिवेलागणीनंतर जा

ताई, तुम्ही लिहिलंय की आई कोल्हापूरजवळच्या वृद्धाश्रमात येऊन तीन महिने झाले. वजन उतरलंय, दिवसा पेंगते, मध्येच तुम्हाला मावशीच्या नावानं हाक मारते, आणि तिथले लोक म्हणतात, "वय झालंय, रुळतील हळूहळू." हे शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. माझ्या आबांच्या वेळी मी हेच ऐकलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. आणि खरं मानलं होतं.

खोली, फी, जेवण हे तुम्ही पाहून घेतलं असणारच, त्यावर लिहीत नाही. आमचंही पाहून झालं होतं. फरशी लख्ख, दारात तुळस, दुपारी गरम भाकरी. माझी चूक निराळी होती. दर रविवारी निघताना मी फोन करायची, "येतेय हो, अकरापर्यंत पोचते." न कळवता कसं जायचं, असं वाटायचं. पोचेपर्यंत आबांची दाढी झालेली, धुतलेला सदरा, केसांना तेल, खुर्चीत बसवलेले. सात महिने मी फक्त रविवारचे अकरा बघितले.

मग जुलै आला. पंचगंगा चढत होती, राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून गेलेली. रस्ता बंद व्हायच्या आत आबांच्या गोळ्या पोचवू म्हणून ऑफिस सुटल्यावर तशीच गेले. फोन केला नाही. साडेसात वाजले असतील. सगळ्या मजल्यावर अंधार, सगळ्यांना झोपवून टाकलेलं. आबा टक्क जागे होते. ओठांची सालं निघालेली. त्यांचा पाण्याचा तांब्या खिडकीत होता, पलंगापासून चार हात लांब. दोन फुलपात्री पाणी त्यांनी एका दमात संपवलं आणि हळूच म्हणाले, "बास गं, रात्री ओलं झालं तर त्या रागावतात."

मग एकेक कळत गेलं. साडेपाचला जेवण, सहाला डायपर, आणि चारनंतर पाणी अगदी बेताचं, म्हणजे सकाळी सातपर्यंत डायपर बदलायला नको. रात्री तीस जणांमागे एकच मावशी. त्या बाईवर माझा राग नाही, एकटीनं ती कुणाकुणाला उठवणार? पण चालकांना हे सगळं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी आबांना दवाखान्यात नेलं. अंगातलं पाणी कमी झालेलं, लघवीत जंतुसंसर्ग. डॉक्टरांनी समजावलं की म्हातारपणी तहानेची जाणीवच कमी होते, आणि संसर्ग झाला तरी ताप, जळजळ दिसेलच असं नाही. अचानक भ्रम, बडबड, पेंग एवढंच दिसतं. वृद्धाश्रमात मात्र "रात्री ओरडतात" म्हणून मला न विचारता झोपेची गोळी सुरू केली होती. औषधपाण्यानं दहा-बारा दिवसांत आबा मला पुन्हा नावानं हाक मारायला लागले. माकडहाडावरची जखम भरायला मात्र चार महिने गेले. रविवारी ते खुर्चीत बसलेले असायचे, त्यांची पाठ मी कधी पाहिलीच नव्हती.

मी डॉक्टर नाही, तुमच्या आईचं कारण वेगळंही असू शकेल. तरी लघवीची तपासणी आधी करा, आणि कुठल्या गोळ्या चालू आहेत त्यांची यादी लेखी मागा. वजन स्वतः काट्यावर करा, वहीतल्या आकड्यावर जाऊ नका. महिन्याभरात ५ टक्के उतरलं, म्हणजे ५० किलोच्या माणसाचं अडीच किलो, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. माकडहाड आणि टाचा उघडून बघा. लाल डागावर बोट दाबून सोडल्यावर तो फिका पडला नाही, तर जखमेची सुरुवात झालीय समजा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. रात्री ती कोण बदलतं, त्या व्यक्तीचं नाव विचारा.

तक्रारीबद्दलही विचारलंय तुम्ही. मी एका सरकारी कार्यालयात तीन हेलपाटे घातले. साहेब दौऱ्यावर, मग अर्ज दोन प्रतींत हवा, आणि तिसऱ्या वेळी, "तुम्ही स्वखुशीनं ठेवलंय ना? पटत नसेल तर घेऊन जा." आबांच्या जखमेचा फोटो त्या टेबलावर पालथा पडला होता. कुणी तो सुलटा करूनसुद्धा पाहिला नाही. अजून आठवलं की पोटात कालवतं. लोक तुम्हाला २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे जा म्हणतील, पण त्याचं मुख्य काम मुलांकडून किंवा वारसांकडून निर्वाहभत्ता मिळवून देण्याचं. त्यापेक्षा आधी १४५६७ या ज्येष्ठांच्या मोफत हेल्पलाइनला लावा, सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते. मला तिथं निदान शेवटपर्यंत ऐकून घेणारं माणूस भेटलं.

तुम्ही पुण्यात आहात म्हणून आणखी एक. पुरात आजी-आजोबांना कुठे हलवणार, हे आत्ताच विचारून ठेवा. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि पुण्याकडची वाट तुटली. अशा वेळी तुम्ही पोचणार कशा? गावातल्या कुणाचं तरी नाव आणि नंबर त्यांच्या रजिस्टरला लावा.

आईला लगेच हलवा असं मी म्हणत नाही, दुसरीकडेही हेच असू शकतं. आबांना आम्ही घरी आणलं, पण ते सगळ्यांना जमतं असं नाही, त्याचा अपराधी भाव बाळगू नका. या आठवड्यात तुम्हाला येता येत नसेल तर पत्ता मला मेसेज करा. मी राजारामपुरीत असते. बुधवारी ऑफिस सुटल्यावर साडेसातला तिथं जाऊन येते, आईजवळ बसते, आणि पाण्याचा तांब्या हाताशी आहे का ते बघून तुम्हाला फोन करते.